मुक्कामाचा परवाना : मराठी मुलखातले अमेरिकन शिक्षक

परदेशात शिकवायला जाणाऱ्या माणसाला दोन गोष्टी मिळवाव्या लागतात : शिकवायचे काम आणि राहायची परवानगी. दोन्ही एकमेकींत अडकलेल्या असतात. हातात काम नसले तर परवानगी मिळत नाही आणि परवानगी नसलेल्याला कामावर घ्यायला कोणी धजत नाही. आजच्या युरोपात हा पेच सर्वांत जास्त पडतो तो अमेरिकन तरुण-तरुणींना. पदवी पदरात पडली की इंग्रजी शिकवण्याचे छोटेसे प्रमाणपत्र घेऊन ते माद्रिद, प्राग किंवा बर्लिन गाठतात. इंग्रजी ही आपली मातृभाषा आहे, एवढीच बहुतेकांची पुंजी असते आणि बऱ्याचदा तेवढी पुरते.

मुंबईत आणि एकूण मराठी मुलखात अमेरिकन शिक्षक येऊ लागले त्याला दोनशे वर्षे उलटून गेली. कंपनी सरकारपासून आजच्या गृहमंत्रालयापर्यंत प्रत्येक राजवटीने त्यांना राहू द्यायचे की नाही याचे वेगवेगळे नियम केले. पण त्यांच्या इंग्रजीला इथे युरोपसारखा भाव कधीच आला नाही. जे टिकले ते दुसऱ्याच कशाच्या तरी बळावर टिकले. इंग्रजी शिकवण्यासाठी आलेले काही जण तर ते काम सोडून दिल्यानंतरच इथले झाले.

सनदेतले विसरलेले कलम

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात कंपनीच्या परवान्याशिवाय गोऱ्या माणसालाही राहता येत नसे. व्यापाराचा मक्ता कोणी फोडू नये, हे त्याचे जुने कारण. त्यात १८०६ साली वेल्लोरच्या छावणीत शिपायांचा उठाव झाला. सरकार धर्मात ढवळाढवळ करते आहे या संशयाने तो पेटला होता, त्यामुळे पाद्री मंडळींबद्दल कंपनीचे अधिकारी जास्तच सावध झाले. नेमक्या याच दिवसांत, फेब्रुवारी १८१२ मध्ये, ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेने आपली पहिली तुकडी हिंदुस्थानकडे रवाना केली. ‘कॅरॅव्हॅन’ हे जहाज सेलमहून निघाले आणि ‘हार्मनी’ फिलाडेल्फियाहून. दुसऱ्या जहाजात गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि नॉट यांची पत्नी रॉक्साना हे होते.

‘हार्मनी’ समुद्रावर असतानाच, जून १८१२ मध्ये, अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. कलकत्त्याला पाय ठेवला तेव्हा ही मंडळी बिनपरवाना तर होतीच, वर शत्रुराष्ट्राची नागरिकही ठरली होती. देश सोडण्याचा हुकूम निघाला. काही जण मॉरिशसकडे वळले. त्यांतले ॲडोनिराम जडसन पुढे ब्रह्मदेशात पोचले. हॅरिएट न्यूएल ही एकोणीस वर्षांची तरुणी मॉरिशसलाच वारली. हॉल आणि नॉट यांनी मुंबईचे जहाज पकडले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये ते इथे उतरले. पण त्यांना इंग्लंडला पाठवून द्यावे हा कलकत्त्याचा आग्रह इथेही त्यांचा पिच्छा सोडणार नव्हता.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वतः धार्मिक वृत्तीचे होते आणि या दोघांबद्दल त्यांना सहानुभूती होती. पण वरून आलेला हुकूम धाब्यावर बसवणे त्यांना शक्य नव्हते. अर्ज, खुलासे, पुन्हा अर्ज असे महिनोन्महिने चालले. जहाजावर चढवले जाण्याची वेळ आली तेव्हा हॉल आणि नॉट गुपचूप किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या एका गलबतात बसून कोचीनला निघून गेले. तिथून त्यांना पकडून परत मुंबईत आणले गेले. युरोपात व्हिसाशिवाय राहण्याची नव्वद दिवसांची मुदत संपत आली की सीमा ओलांडून शेजारच्या देशात जाऊन बसणारे आजचे अमेरिकन आणि हे दोन पाद्री यांच्यात डावपेचाचा फरक फारसा नाही. परत आल्यावर मात्र हॉल यांनी पळवाटा सोडल्या आणि गव्हर्नरला सरळ नैतिक आवाहन करणारी पत्रे लिहिली.

त्यांची सुटका झाली ती लंडनच्या पार्लमेंटमुळे. जुलै १८१३ मध्ये कंपनीची सनद नव्याने मंजूर झाली. शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपये खर्च करावेत हे त्या कायद्यातले कलम शाळेच्या प्रत्येक इतिहासाच्या पुस्तकात असते. त्याच कायद्याचे तेहतिसावे कलम मात्र सहसा कोणाला आठवत नाही. एतद्देशीयांमध्ये उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करण्यासाठी आणि त्यांच्या धार्मिक-नैतिक उन्नतीसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना हिंदुस्थानात जाण्याचा आणि राहण्याचा परवाना देण्याची सोय त्यात होती. पार्लमेंटचे सभासद विल्बरफोर्स आणि त्यांच्या मित्रांनी त्यासाठी जिवाचे रान केले होते. सनद बदलली, वारे फिरले आणि हॉल-नॉट यांना मुंबईत राहू देण्यात आले. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये मायदेशी गेले. हॉल राहिले. मार्च १८२६ मध्ये नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने त्यांचा अंत झाला.

परवान्यांची ही पद्धत पुढे १८३३ च्या सनदेने सैल झाली. मग १८६४ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा आला, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन शिक्षकाला इथे राहण्यासाठी फारसा त्रास पडत नसे. त्याची अडचण वेगळी होती.

इंग्रजी येणाऱ्यांनी मराठी शिकावे

अमेरिकन बोर्डाच्या इथल्या शाखेच्या, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या, शिक्षकांना पगार बोर्डाकडून येई. इथे विद्यार्थ्यांच्या फीवर पोट भरायचे नसल्यामुळे बाजाराला काय हवे याचा विचार करण्याची त्यांना गरज नव्हती. बाजाराला हवी होती इंग्रजी. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ आणि मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्यांनी ही मागणी ओळखली आणि इंग्रजी शाळा-कॉलेजांचा मार्ग धरला. विल्सन कॉलेज हे त्याचेच फळ. अमेरिकनांनी मात्र नवख्या माणसाने आधी मराठी शिकावे, असा दंडक घातला. मुलांच्या मराठी शाळा त्यांनी १८१५ पासून चालवल्या, १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली आणि स्वतःचा छापखाना उभा केला. निर्णयसागर मुद्रणालयाचे संस्थापक जावजी दादाजी लहान वयात याच छापखान्यात कामाला लागले आणि टाइप घडवण्याची कला तिथे शिकले. मराठी मुद्रणावर या छापखान्याचे ऋण मिशनच्या शाळांइतकेच मोठे आहे.

डिसेंबर १८२७ मध्ये सिंथिया फॅरार मुंबईत आल्या. न्यू हॅम्पशायरमधल्या या अविवाहित शिक्षिकेला बोर्डाने मुलींच्या शाळांसाठी मुद्दाम पाठवले होते. तोवर अमेरिकेतून परदेशी मिशनवर बायका जात त्या बहुधा कोणाच्या तरी पत्नी म्हणूनच. अविवाहित स्त्रीला केवळ शिक्षिका म्हणून पाठवण्याचा बोर्डाचा हा पहिलाच प्रसंग. मुंबईत दहा-बारा वर्षे काढून त्या अहमदनगरला गेल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. जोतीराव फुले यांनी त्यांची अहमदनगरची शाळा पाहिली, आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढताना ती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फॅरारबाईंकडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. फॅरारबाईंच्या शाळांमधले शिक्षण मराठीत चाले, हे इथे महत्त्वाचे.

मिशनच्या आतही या धोरणावर वाद होता. अहमदनगर आणि मुंबईतल्या काही जणांना इंग्रजी वर्ग चालवावेत असे वाटे, कारण त्यामुळे वरच्या जातींतली मुले येत. तो वाद बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ साली स्वतः येऊन मिटवला. इंग्रजी शिकलेली मुले खेड्यात शिक्षक व्हायला राहत नाहीत, सरकारी कचेरीत कारकून होतात, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्रजी वर्ग आवरते घेण्यात आले. सिलोनमध्ये तर बट्टिकोटा येथील नावाजलेली सेमिनरी अँडरसन यांच्या भेटीनंतर बंदच झाली. निरीक्षण बरोबर असले तरी त्यावरचा हा उपाय मराठी तरुणांना महाग पडला, असे आज म्हणता येईल. काही वर्षांत मिशनलाही इंग्रजी हायस्कुलांकडे पुन्हा वळावे लागले. पण तोपर्यंत मराठी बोलणारा, मराठीत उपदेश करणारा अमेरिकन मास्तर हे दृश्य नगर जिल्ह्यात नित्याचे झाले होते. अहमदनगरहून १८४२ मध्ये निघालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच मंडळींचे.

काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ साली भायखळ्यात झाला. वडील गेल्यावर कुटुंब अमेरिकेला परतले, मुलगा तिकडे शिकला आणि १८७४ मध्ये पुन्हा इकडे आला. अहमदनगरला शिकवण्यात आणि दुष्काळातल्या कामात त्यांची पन्नासएक वर्षे गेली. अशा माणसाला परदेशी म्हणायचे की नाही, हा प्रश्न कायद्याला पडला नसला तरी नगरकरांना नक्की पडला असेल.

राजनिष्ठेचा कागद आणि नागपाड्यातले घर

पहिल्या महायुद्धाने हे मोकळेपण संपवले. जर्मन मिशनऱ्यांना नजरकैदेत टाकण्यात आले आणि युद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याबाहेरच्या सगळ्याच मिशनऱ्यांवर एक लेखी अट आली : कायद्याने प्रस्थापित सरकारशी आदराने वागेन आणि राजकारणात पडणार नाही, असे मान्य करायचे. सरकारमान्य यादीतल्या संस्थांनी आपल्या माणसांची हमी घ्यायची, यादीबाहेरच्यांनी स्वतः प्रतिज्ञा लिहून द्यायची. ही हमी मोडल्याचा ठपका बसला तर काय होते ते मदुरा भागातल्या राल्फ कायथान यांच्यावरून दिसले. खादी घालणाऱ्या या अमेरिकनाने गांधीजींचे इंग्रज स्नेही रेजिनाल्ड रेनॉल्ड्स यांना घरी उतरवून घेतले, आणि १९३० साली त्यांना देश सोडावा लागला.

क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले ते या चौकटीत. ते शिकागो विद्यापीठाचे पदवीधर, अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते. शिकागोत गरीब वस्तीच्या मधोमध घर करून राहायचे आणि तिथल्या लोकांबरोबर काम करायचे, ही समाजकार्याची रीत रुजलेली होती. मॅनशार्ट यांनी ती नागपाड्यात आणली. नागपाडा म्हणजे तेव्हा गिरण्या-गोद्यांतले कामगार, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशा सगळ्यांची दाटीवाटीची वस्ती. तिथे १९२७ मध्ये ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ सुरू झाले. दवाखाना, मुलांचे वर्ग, खेळ, व्याख्याने असे त्याचे स्वरूप होते. धर्मप्रसार हे त्याचे काम नव्हते. मिशनच्या पैशावर चाललेल्या संस्थेत ही गोष्ट सोपी नव्हती, आणि मॅनशार्ट यांचे खरे धाडस तिथेच दिसते.

अशा कामाला चांगल्या मनाचे स्वयंसेवक पुरत नाहीत, शिकून तयार झालेली माणसे लागतात, हे त्यांना लवकरच जाणवले. सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये वारले आणि त्यांच्या नावाचा विश्वस्त निधी त्याच वर्षी उभा राहिला. मॅनशार्ट यांनी विश्वस्तांना समाजकार्याच्या पदव्युत्तर शाळेची कल्पना पटवून दिली, आणि १९३६ साली नागपाड्याच्या त्याच वास्तूत ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ उघडले. देशातली या प्रकारची ती पहिली शाळा. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी, संचालक मॅनशार्ट. ते १९४१ मध्ये गेले आणि जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. कुमारप्पा स्वतः अमेरिकेत शिकून आलेले होते. १९४४ मध्ये संस्थेचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाले आणि १९५४ पासून ती देवनारला आहे.

देवनारपर्यंत

सायन-ट्रॉम्बे रस्त्यालगतचे देवनार तेव्हा शहराच्या टोकाला होते. नगरपालिकेची कचराभूमी तिथे १९२७ पासूनच होती, कत्तलखाना १९७१ मध्ये आला. चेंबूर, गोवंडी, मानखुर्द या पट्ट्यात शहराने आपल्याला नको असलेले बरेच काही आणून टाकले आणि शहराबाहेर काढलेली माणसेही तिथेच आली. समाजकार्य शिकणाऱ्यांसाठी याहून जवळचे शिक्षण कुठले मिळणार? वर्गातल्या व्याख्यानांच्या जोडीला आठवड्यातले ठरलेले दिवस प्रत्यक्ष वस्तीत, रुग्णालयात किंवा न्यायालयात काम, त्याच्या लेखी नोंदी आणि त्या नोंदींवर मार्गदर्शकाशी चर्चा ही देवनारच्या विद्यार्थ्यांची ‘फील्डवर्क’ची शिस्त शिकागोच्या घराण्यातली आहे. इंग्रजी हे तिथे शिकवण्याचे माध्यम होते, पण वस्तीत गेल्यावर मराठी, हिंदी, उर्दू किंवा गुजराती बोलल्याशिवाय नोंदवहीत लिहायला काही मिळत नसे.

या शाळेला विद्यार्थी मिळाले ते कायद्यामुळेही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले, आणि तसे अधिकारी तयार करणारी जागा म्हणून टाटा इन्स्टिट्यूटकडे ओढा वाढला. १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मॅनशार्ट यांनी आणलेली विद्या तोवर पूर्णपणे भारतीय शिक्षकांच्या हाती गेली होती. परदेशी शिक्षकाच्या यशाची यापेक्षा चांगली खूण सांगता येणार नाही.

शेजारीच, गोवंडी स्टेशन रस्त्यावर, लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ती १९५६ मध्ये भारत सरकार, दोराबजी टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या सहकार्याने निघाली. परदेशी तज्ज्ञ यायचे ते आता संयुक्त राष्ट्रांच्या किंवा सरकारी कराराच्या कागदावर, मिशनच्या नव्हे. स्वातंत्र्यानंतर बदल झाला तो नेमका हा.

शिष्यवृत्तीवर आलेल्या, नागरिक झालेल्या

मिशनऱ्यांकडे पाहण्याची सरकारची नजर १९५० च्या दशकात कडक झाली. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विदर्भाचे जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस तिने १९५६ मध्ये केली. त्या शिफारशींवरून बरेच वादंग झाले, पण नव्या परदेशी मिशनऱ्यांना प्रवेश मिळणे पुढे अवघड होत गेले.

अमेरिकन शिक्षकांसाठी दुसरा दरवाजा मात्र उघडला होता. २ फेब्रुवारी १९५० रोजी दोन्ही देशांत फुलब्राइट शिष्यवृत्त्यांचा करार झाला. त्यातून अमेरिकन विद्यार्थी आणि प्राध्यापक ठरावीक मुदतीसाठी येऊ लागले. काही जण भारतीय कॉलेजांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून. १९६१ ते १९७६ या काळात पीस कोअरचे स्वयंसेवकही आले. त्या बहुतेकांची मुदत संपली आणि ते परत गेले. थोडे राहिले.

गेल ऑमवेट यांचे उदाहरण या प्रकरणाच्या विषयाला सर्वांत जवळचे आहे. मिनिआपोलिसमध्ये १९४१ साली जन्मलेली ही मुलगी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात प्रथम आली ती इंग्रजी शिकवायला. दुसऱ्यांदा आली ती बर्कलीची संशोधक म्हणून, पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला. त्या प्रबंधावर १९७३ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १९७६ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. सत्यशोधक समाजाचे दप्तर धुंडाळायचे तर मराठी वाचता येणे भागच होते; इंग्रजीचा तिथे काही उपयोग नव्हता. पुढे त्या भारत पाटणकर यांच्याशी विवाह करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला राहिल्या, श्रमिक मुक्ती दलात आणि स्त्रियांच्या चळवळीत उतरल्या आणि १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. पुणे विद्यापीठात त्यांनी फुले-आंबेडकर अध्यासन सांभाळले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावलाच त्यांचे निधन झाले. महात्मा फुले यांच्यावर इंग्रजीत गंभीरपणे लिहिणाऱ्यांच्या पहिल्या फळीत त्यांचे नाव घ्यावेच लागते.

मॅक्सिन बर्नसन यांचीही सुरुवात इंग्रजीने झाली. मिशिगनमध्ये १९३५ साली जन्मलेल्या मॅक्सिनताई १९६० च्या दशकाच्या आरंभी हैदराबादच्या विवेकवर्धिनी या मराठी मंडळींनी काढलेल्या संस्थेच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आल्या. तिथून त्या मराठीकडे ओढल्या गेल्या. फलटणच्या बोलीवर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भाषाशास्त्राचा प्रबंध लिहिला, फलटणलाच घर केले आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेतले. जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके आणि व्याकरण तयार केले. मग प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली ‘कमला निंबकर बालभवन’ ही मराठी माध्यमाची शाळा आली. शाळेत नाव असूनही वाचता न येणाऱ्या दलित आणि गरीब वस्तीतल्या मुलांना मराठी वाचायला शिकवणे हे त्यांचे प्रमुख काम. पाच-सात अक्षरे आणि एक-दोन मात्रा हाती आल्या की मुलाने त्यांतूनच शब्द बनवायचे, स्वतःच्या बोलीतले शब्द लिहायचे, पाठांतराची बाराखडी नंतर, अशी त्यांची वाचनपद्धती. इंग्रजी माध्यमाची लाट जोरात असताना एका अमेरिकन बाईने मराठी शाळा चालवावी, यावर फलटणमध्ये आणि बाहेरही बरेच बोलले गेले असणार.

ज्यांचे नाव त्या शाळेला आहे त्या कमला निंबकरही मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लंडी या क्वेकर तरुणीने विष्णू निंबकर यांच्याशी लग्न केले आणि १९३० मध्ये त्या मुंबईला आल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण घेतले आणि १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात त्या विषयाची भारतातली पहिली शाळा काढली. मॅनशार्ट यांच्यासारखेच हेही : इथे नसलेली विद्या आणली, चार जणांना शिकवली, ती इथली झाली.

युरोपचा बाजार

युरोपात गणित उलटे आहे. तिथे सरकारांना आणि पालकांना हवी असते ती मातृभाषेसारखी इंग्रजी, आणि ती बोलणारे शेजारी कमी. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर ब्रिटिश आणि आयरिश शिक्षकांना कसलाच परवाना लागत नसे, त्यामुळे शाळा अमेरिकनांच्या कागदपत्रांच्या भानगडीत पडत नसत. २०२० च्या अखेरीस ब्रिटिशांची ही सवलत संपली आणि अमेरिकन व ब्रिटिश एका रांगेत आले. आयरिश अजूनही पुढच्या दारानेच जातात.

अमेरिकन पासपोर्टवर शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येते, पण काम करता येत नाही. त्यापुढची वाट प्रत्येक देशाची निराळी. स्पेन दरवर्षी हजारो उत्तर अमेरिकन तरुणांना सरकारी शाळांत संभाषण-सहायक म्हणून घेते. आठवड्याला बारा ते सोळा तास, मानधन वर्षानुवर्षे ७०० ते १,००० युरोंच्या घरात. त्यांना व्हिसा मिळतो तो बहुधा विद्यार्थ्याचा, त्यामुळे राहण्याची सोय झाली तरी नोकरीचे हक्क पुरते मिळत नाहीत. फ्रान्सची अशीच योजना ऑक्टोबर ते एप्रिल चालते. चेक प्रजासत्ताकात स्वतंत्र व्यवसायाचा परवाना काढून दोन-तीन भाषाशाळांत तासावर शिकवण्याची रीत आहे. जर्मनीत अमेरिकन माणूस व्हिसाशिवाय उतरून तिथेच निवासाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो आणि स्वतंत्र व्यावसायिक म्हणून राहू शकतो. नेदरलँड्सशी अमेरिकेचा १९५६ चा मैत्री-करार आहे. त्याखाली ४,५०० युरो भांडवल गुंतवून स्वतःचा व्यवसाय थाटता येतो. काही शिक्षकांनी याच वाटेने बस्तान बसवले.

इंग्रजीचे बळ मात्र सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांपुरतेच. चेक प्रजासत्ताकात पाच वर्षांनी कायम निवास हवा तर चेक भाषेची परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत कायमच्या निवासासाठी मध्यम पातळीची जर्मन यावी लागते. स्पेनच्या नागरिकत्वाला सामान्यतः दहा वर्षांचा निवास आणि स्पॅनिशची प्राथमिक परीक्षा लागते.

आजची मुंबई

२०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे भारतीय सुमारे २ लाख ६० हजार होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती येते असे सांगणारे मात्र बारा कोटींच्या पुढे. घाटकोपर असो की बोरिवली, इंग्रजी शिकवणारे शिक्षक गल्लोगल्ली आहेत. भारताच्या नोकरी-व्हिसाचा नियम याच वस्तुस्थितीवर उभा आहे. परदेशी माणसाचा वार्षिक पगार ठरावीक रकमेहून जास्त असावा, अशी त्यात अट आहे. ही रक्कम आधी २५,००० डॉलर होती, पुढे ती १६ लाख २५ हजार रुपये अशी ठरवली गेली. या अटीतून काही जणांना सूट आहे : आपल्या देशाचे खास पदार्थ करणारे आचारी, दुभाषे, वकिलातीचे कर्मचारी आणि भाषाशिक्षक. भाषाशिक्षकांपुढे मात्र मेख मारलेली आहे : इंग्रजीचे शिक्षक वगळून. म्हणजे अंधेरीतल्या क्लासला जपानी किंवा जर्मन शिकवणारा परदेशी शिक्षक कमी पगारात ठेवता येतो. इंग्रजीसाठी अमेरिकन ठेवायचा तर सव्वासोळा लाखांच्या वर द्या.

त्यामुळे आज मुंबईत येणारा अमेरिकन शिक्षक बहुधा दिसतो तो आंतरराष्ट्रीय शाळांत. १९८१ मध्ये सुरू झालेली आणि आता वांद्रे-कुर्ला संकुलात असलेली अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे ही त्यांतली जुनी. अशा शाळा गणित, विज्ञान, संगीत शिकवणारे अनुभवी शिक्षक आणतात आणि पगाराची अट तिथे सहज पार पडते. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या अशा व्हिसावर आलेल्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागते. मुंबईचे हे कार्यालय झेवियर्स कॉलेजच्या मागे, बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर आहे. २०१८ पासून बरेचसे काम ऑनलाइन होते. परदेशी नागरिकांविषयीचे १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून एकच नवा कायदा लागू झाला आहे.

मराठी घरांतली अमेरिकेत जन्मलेली मुले या सगळ्यातून सुटतात. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजे ओसीआय कार्ड असलेल्याला नोकरीचा व्हिसा लागत नाही आणि पगाराची अटही नाही. डोंबिवलीच्या आजीकडे राहून एखाद्या शाळेत वर्षभर शिकवायचे असेल तर न्यू जर्सीच्या नातीला ते कार्ड पुरते. मिशनरी कामासाठी मात्र ओसीआय असलेल्यालाही वेगळी परवानगी घ्यावी लागते. १८१३ साली जो हेतू परवाना मिळवून देत होता, त्याला आता जास्तीची परवानगी लागते.

कोणतेही भारतीय नाते नसलेल्या अमेरिकनाला कायमचे राहायचे असेल तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याची वाट आहे. त्यात अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षे भारतात वास्तव्य लागते, आणि पूर्वीचे नागरिकत्व सोडावे लागते, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. शिवाय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे लागते. त्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. मराठी आहे, कोकणी आहे, सिंधी आहे. इंग्रजी नाही.